डाव्या खांद्यावरची जागा

कॉम्प्युटर बिघडला की आमच्या विट्यातले लोक आधी त्याला दोन चापट्या मारतात, मग शेजाऱ्याला विचारतात, मग दोन दिवस नुसते त्याच्याकडे बघत बसतात आणि सगळं करून थकले की माझ्याकडे येतात. त्यामुळे माझ्या दुकानात पोचलेलं मशीन मूळच्या दुखण्यापेक्षा उपायांनीच जास्त आजारी असतं. मी तेजश्री म्हेत्रे. २०४१ साली, सगळी दुनिया चष्म्यात बघून हवेत बोटं फिरवत असताना, टेबलावरचा डेस्कटॉप उघडून दुरुस्त करणारी सबंध तालुक्यात मी एकटीच उरले आहे. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

शालनकाकी निकम मंगळवारी सकाळी आल्या, त्याही उपाय करूनच.

"तेजू, समाजमंदिरातलं भजनाचं मशीन आठ जणांनाच घेतंय गं. उरलेल्या पाच जणांना म्हणतंय, जागा न्हाई."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? जागा केली. तीन वर्षांचे हळदीकुंकवाचे फोटो पुसले. वैजयंतानं लेकीच्या डोहाळजेवणाचा व्हिडिओबी काढून टाकला, रडत रडत. तरी आपलं तेच, जागा न्हाई."

मी कपाळाला हात लावला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या संदेशांत हा सगळ्यात खोटारडा संदेश आहे. अडचण असते मेमरीची आणि तो नाव घेतो डिस्कचं. बिचारी डिस्क अर्धी रिकामी असते आणि बायका फोटो पुसत बसतात.

"आता कशालाही हात लावू नका. चार वाजता तालमीला येते मी."

"ये. रविवारच्या आत झालं तर बघ." काकी उंबऱ्यात थांबल्या. "न्हाईच झालं तरी चालंल म्हणा."

मला वाटलं, भिडस्तपणानं बोलतायत.

चालण्यासारखं काहीच नव्हतं, कारण प्रश्न काकींच्या नवऱ्याचा होता. विलासतात्या निकम गलाईवाले. म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. आमच्या भागातले लोक या कामासाठी देशभर पसरलेत. तात्यांचं दुकान कोईमतूरला होतं. तिथे त्यांना टीबी झाला, औषधांनी टीबी गेला आणि इंजेक्शनांनी कान गेले. याला सत्तावीस वर्षं झाली. चार वर्षांनी दोघं गावी परत आली. तात्या बोलतात खणखणीत, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. त्यांच्याशी गुपित बोलायचं असेल तर पाटीवर लिहावं लागतं आणि त्याचं उत्तर सगळ्या गल्लीला कळतं.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं त्यांना चाचणीसाठी नादबंडी दिली. ही काय चीज आहे ते सांगते. आपला कान आवाजाचे बारीक भाग पाडतो आणि एकेक भाग वेगळ्या शिरेनं मेंदूकडे पाठवतो. तात्यांचा कान मेला, तरी मेंदू शाबूत आहे. संस्थेचं म्हणणं, मग कानाचं काम पाठीच्या कातडीकडून का करून घेऊ नये? बंडीला आतून मटाराच्या दाण्याएवढे शे-दीडशे कंपक बसवलेले असतात. आवाज चढला की थरथर वर सरकते, उतरला की खाली येते. पहिले पंधरा दिवस पाठीवर मुंग्या चालल्यासारखं वाटतं. मग एके दिवशी मेंदू मुंग्या विसरतो आणि माणूस "ऐकू आलं" म्हणतो. तात्यांच्या बाबतीत हे अठराव्या दिवशी घडलं. पखवाज वाजत होता आणि तात्या एकदम ओरडले, "अरे, थाप चुकली की!" थाप खरोखर चुकली होती.

अकरा बायका, एक पखवाज आणि एक पेटी मिळून तेरा आवाज एकदम पाठीवर सोडले तर नुसता गोंधळ होईल. म्हणून प्रत्येकीच्या गळ्याला आणि दोन्ही वाद्यांना एकेक पट्टी असते. ती हवेतला आवाज घेत नाही, गळ्याची थरथर घेते. त्यामुळे शेजारणीचा आवाज तिच्यात मिसळत नाही. प्रत्येकीला तात्यांच्या पाठीवर आपली जागा. शालनकाकींची जागा तात्यांनी हट्टानं डाव्या खांद्यावर मागून घेतली होती. स्कूटरवर मागे बसल्या की काकींचा हात तिथेच असायचा.

आता मशीनचं. प्रत्येक आवाजाला एक प्रोग्रॅम. तेरा प्रोग्रॅमांनी बंडीच्या प्रोग्रॅमला एकेक चिठ्ठी पाठवायची म्हटलं, तर चिठ्ठ्या पोचेपर्यंत सम निघून जाते. म्हणून सामायिक मेमरी वापरतात. मेमरीचे काही तुकडे सगळ्यांना दिसतील असे खुले ठेवायचे, शाळेतल्या फळ्यासारखे. ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर लिहायचं आणि बंडीनं नुसतं वाचत राहायचं. उशीर नाही. मात्र एकाच प्रोग्रॅमनं सगळी मेमरी गिळू नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम यावर मर्यादा घालून ठेवते. एक तुकडा किती मोठा, सगळे मिळून किती मोठे आणि एकूण तुकडे किती. या मशीनवर त्या मर्यादा आठ जणांनाच पुरत होत्या.

संस्थेची अट अशी होती की रविवारच्या भजनस्पर्धेत तात्या पहिल्या रांगेत बंडी घालून बसतील आणि तेराही जागा चालू दिसल्या तर बंडी कायमची त्यांची. नाही तर ती यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार. मधल्या काळात माप नीट करून घ्यायला संस्थेनं तात्यांना बंडीसकट पुण्याला बोलावलं होतं. ते शुक्रवारी यायचे होते.

मंगळवारी चार वाजता मी समाजमंदिरात सतरंजीच्या कडेला मशीन उघडून बसले. एका तुकड्याची मर्यादा वाढवली. काही फरक नाही. मग आठवलं की एकूण बेरजेची मर्यादा वेगळी असते. स्वतःलाच एक शिवी दिली आणि तीही वाढवली. आठाचे दहा झाले. तीन जणी अजून बाहेरच.

"मग बंद करून चालू करून बघायचं का?" वैजयंतामावशींनी विचारलं. मंडळाच्या प्रमुख त्याच आणि पेटीवरही त्याच.

"मावशी, हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही," मी म्हटलं.

बंद करून चालू केलं असतं तर त्या दिवशी काम झालंही असतं, पण दुसऱ्या दिवशी रोग परत आला असता. मी मेमरीतल्या तुकड्यांची यादी काढली आणि दोष सापडला. तालीम संपली की बायका प्रोग्रॅम नीट मिटवत नव्हत्या. घरी चूल वाट बघत असते म्हणून खिडकी फटकन बंद करून उठत होत्या. अशा वेळी प्रोग्रॅम मरतो, पण त्यानं धरलेला तुकडा तसाच राहतो. एसटी आता विजेवर चालते, तरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली सवय गेलेली नाही. इथे तेच झालं होतं. माणसं कधीच उतरून गेली होती आणि सीटवर नुसते रुमाल पडलेले. मी एकेक करून एकतीस रुमाल उचलले आणि खिडकी कशीही बंद केली तरी तुकडा मोकळा होईल अशी सोय केली.

बुधवारी तेराच्या तेरा नावं पडद्यावर हिरवी झाली. बायकांनी टाळ्या पिटल्या. मी प्रत्येकीला बोलायला लावलं. शालनकाकी म्हणाल्या, "काय बोलू? चहा टाकू का?" आणि पडद्यावर त्यांची जागा छान उसळली.

मग गौळण सुरू झाली आणि शालनकाकींची जागा शून्यावर गेली.

थांबवलं. काकींना बोलायला लावलं, चालू. पुन्हा सगळ्यांनी गायला सुरुवात केली, शून्य. आता माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, जे एकटं असताना चालतं आणि गर्दीत मरतं, त्याचा दोष सामायिक मेमरीत असतो. शेजारचा प्रोग्रॅम आपली हद्द सोडून दुसऱ्याच्या तुकड्यावर लिहितो आणि तिथलं पुसून टाकतो. मी हद्दी तपासल्या. कुणाला कुठे लिहायची परवानगी आहे ते तपासलं. काकींचा तुकडा यादीत पहिला ठेवून बघितला, शेवटचा ठेवून बघितला. त्यांची पट्टी वैजयंतामावशींच्या गळ्यात घातली तर ती ठणठणीत चालली. काकींना म्हटलं, एकट्याच गाऊन दाखवा, तर म्हणाल्या घसा बसलाय. पाणी प्या म्हटलं, तर म्हणाल्या पाण्यानं जास्तच बसतो.

गुरुवारी दुपारपर्यंत मी चिडून अर्धी झाले होते. पंधरा वर्षांत मला कुठल्याही मशीननं असं नाचवलं नव्हतं.

आमच्याकडच्या बायका भजनाला बसल्या की पदर दोन्ही खांद्यांवरून गळ्याशी घट्ट ओढून घेतात. त्यामुळे गळपट्ट्या झाकलेल्या असतात. प्रत्येक पट्टीवर एक इवलासा दिवा आहे, गळा थरथरला की तो लुकलुकतो. त्याचा कॉम्प्युटरशी काही संबंध नाही. गुरुवारच्या तालमीत पंख्याच्या वाऱ्यानं शालनकाकींचा पदर सरकला. काकींचं तोंड मोठ्ठं उघडलेलं, मान डोलतेय, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर भाव असा की बघणाऱ्यानं हात जोडावेत. आणि दिवा विझलेला.

मी तीन दिवस मेमरी उकरत होते. मशीन पहिल्यापासून खरं बोलत होतं. शून्य म्हणजे शून्य.

तालीम संपली, बायका गेल्या. सतरंज्या घड्या करायला काकी मागे राहिल्या. मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

"काकी, तुम्ही गातच नाही."

काकींनी सतरंजीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग खाली बसल्या.

"तेवीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "कोईमतूरहून आलो, मंडळात नाव घातलं. पहिल्याच स्पर्धेच्या आधी वैजयंता म्हणाली, निकमवहिनी, तुम्ही नुसते ओठ हलवा, सूर फाटतोय. ती हसत म्हणाली हुती गं. तिच्या लक्षातबी नसंल. पण माझं त्वांड जे मिटलं ते मिटलंच. बसायला आवडतं मला सगळ्यांत. म्हणून ओठ हलवत ऱ्हायले."

"आणि तात्या?"

"ह्यांना वाटतंय मी पुढं बसून गाते. लोकांना सांगत फिरत्यात. कुणी खरं सांगायचं? ऐकू तर येत नव्हतं. आता ही बंडी आली बघ." काकींनी डोळे पुसले आणि माझा हात धरला. "तेजू, दुसरीचा आवाज माझ्या जागी सोडता येतोय का? म्हंजी बंडीबी राहील आणि ह्यांचं मनबी."

येत होता. अडचण तीच होती. फळा सगळ्यांना खुला असतो. बंडीच्या डाव्या खांद्यानं कुठला तुकडा वाचायचा हे एका ओळीत लिहिलेलं होतं. तिथे शालन निकम यांच्या जागी वैजयंता साळुंखे लिहिलं की काम झालं. दहा सेकंदही लागले नसते. मशीनशी खोटं बोलायचं नाही, हा माझा एकमेव धर्म. पण काकी माझा हात सोडेनात. मी ओळ बदलली आणि पडदा बंद करून घरी गेले.

शुक्रवारी तात्या एसटीतून उतरले ते थेट समाजमंदिरात. बंडी अंगात, वर स्वच्छ पांढरा सदरा, हातात पुण्याच्या बाकरवडीचा पुडा. कॉम्प्युटरजवळच्या खुर्चीत बसले, वायर जोडली आणि सगळ्या गल्लीला सांगितलं, "करा सुरू! आज शालनला ऐकतो!"

काकींनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पडद्याकडे बघत राहिले.

गौळण सुरू झाली. तेराही जागा उसळत होत्या. तात्यांनी डोळे मिटले. पखवाजाला मान हलवली, पेटीला हसले. मग हात उचलून डाव्या खांद्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. मंडळातला सगळ्यात गोड आवाज त्या वेळी त्यांच्या खांद्यावर चढत होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तात्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"थांबा!" ते ओरडले. "तेजू, मशीन बिघडलंय."

मी पाटीवर लिहिलं, सगळं चालू आहे.

"चालू आसंल. पण ही शालन न्हाई."

मी पाटी खाली ठेवली.

"कोईमतूरला अकरा वर्षं मी हिचं गाणं ऐकलंय," तात्या म्हणाले. "मी भट्टीवर, ही आत स्वयंपाकाला. चढायची वेळ आली की ही मध्येच श्वास घेती, मग धावत धावत गाठती. ही बाई कुठं थांबतच न्हाई. सरळ निघाली. ही कोण हाय?"

वैजयंतामावशींनी पेटीवरचे हात काढले. बंडीच्या डाव्या खांद्यावर त्यांचाच आवाज आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला लाज वाटली. शेजारी भट्टी घोंघावत असताना माणूस जे ऐकत आला होता, ते मी एका ओळीत बदलायला निघाले होते. मी पडद्याकडे वळले आणि ती ओळ पुसून मूळची लिहिली. मग पाटी घेतली आणि तात्यांना लिहिलं: खोटेपणा मी केला. मशीनचा दोष नाही.

तात्यांनी पाटी वाचली आणि वळून काकींकडे बघितलं.

काकी उठल्या. पदर गळ्यावरून मागे टाकला. सगळ्या मंडळासमोर, पेटी नाही, पखवाज नाही, त्यांनी गौळणीचं पहिलं कडवं एकट्यानं म्हणायला सुरुवात केली. खरं सांगते, वाईट होतं. सूर कुठल्या कुठे. चढताना श्वास घेतला, मागे राहिल्या, धावल्या आणि भलत्याच जागी जाऊन पोचल्या. गळ्यावरचा दिवा मात्र लुकलुकत होता आणि पडद्यावरची त्यांची जागा गाण्यावर नाचताना मी पहिल्यांदाच बघत होते.

तात्या खुर्चीतून उभे राहिले. वायर ताणली गेली, मी धावून मशीन धरलं.

"हीच!" तात्या ओरडले. "हीच की! अजून तशीच बेसूर हाय!"

काकी गाता गाता थांबल्या. "म्हंजी तुम्हाला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं आणि गळ्याला पट्टी असल्यानं ते तात्यांच्या खांद्यावरच गेलं. शब्द कळले की नाही कोण जाणे, पण रोख बरोबर कळला.

"ठावं नसायला काय झालं? शेजारचा सोनार भिंतीवर थापा मारायचा! मी त्याला सांगायचो, तुला त्रास हुतोय तर तू दुकान हलव." तात्या हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "गा की! थांबलीस का?"

पण आता काकींनाच रडू कोसळलं होतं. वैजयंतामावशी पेटी सरकवून उठल्या. तेवीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य काकींनी त्यांना हुंदके देत देत सांगितलं. मावशींचा चेहरा उतरला.

"मी म्हणाले? आणि तू ऐकलंस?" त्यांनी काकींना जवळ घेतलं. "शालन, चुकलं माझं. पार चुकलं. तेवीस वर्षं माझ्या शेजारी बसून तू गप्प होतीस आणि मला कळलं नाही, मी कसली गं मंडळाची प्रमुख?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून एकजण हळूच म्हणाली, "वरच्या सुराला मीबी नुसतंच त्वांड उघडते." दुसरी म्हणाली, "मी पण." मग अशा काही हसल्या सगळ्याजणी की पडद्यावर अकराही गळ्यांच्या जागा एकदम टोकाला भिडल्या. तात्या खुर्चीत पाठ आवळून ओरडले, "अगं, गुदगुल्या हुत्यात!"

मी संस्थेला अहवाल लिहिला. काय काय वाढवलं, किती तुकडे मोकळे केले, सगळं. शेवटी गुरुवारचा खोटेपणाही लिहिला, कारण तो न लिहिता मला झोप लागली नसती. शनिवारी उत्तर आलं. त्यांना माझ्या खोटेपणात काडीचाही रस नव्हता. बहिरा माणूस पाठीच्या कातडीवरून आपल्या बायकोचा आवाज ओळखतो, आणि दुसरीचा घातला तर पकडतो, हे त्यांनाही अजून सिद्ध करता आलं नव्हतं. रविवारी तेरा जागा चालू राहू द्या, म्हणाले, बाकी आम्ही बघतो.

रविवारी तेराही चालू राहिल्या. सहा मंडळं होती. आमचं पाचवं आलं. गेल्या वर्षी दुसरं होतं, पण वैजयंतामावशींना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. शालनकाकींना त्यांनी स्वतःच्या शेजारी, पुढे बसवलं होतं आणि काकींनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गळा मोकळा सोडला होता.

बक्षिसं वाटून झाली. परीक्षकांनी प्रत्येक मंडळाला शेऱ्याचा कागद दिला. आमच्या कागदावर ताल चांगला, शब्दोच्चार स्पष्ट वगैरे होतं. शेवटची ओळ वाचून मावशींनी कागद घाईघाईनं घडी करायला घेतला, पण तात्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खणखणीत आवाजात, भरल्या सभागृहात, वाचला.

"एक आवाज शेवटपर्यंत वेगळा ऐकू येत होता."

काकींनी पदर तोंडाला लावला. तात्या कागद उंच धरून बायकोकडे वळले, अभिमानानं नुसते फुललेले.

"बघ शालन," ते ओरडले, "त्यांनाबी ऐकू आलीस!"